चूलबंद आवतण

आमच्या गावातली काळा कोट घालणारी मी पहिली मुलगी. हे मिरवायला सांगत नाही; म्हणजे थोडं मिरवायलाही सांगते, खोटं कशाला बोलू. पण घरात वकील झाला की माणसं त्याच्याकडे दोनच कामांसाठी येतात. एक, फुकटचा सल्ला, आणि दुसरं, भांडणात आपल्या बाजूने आवाज चढवायला. मला दोन्ही जमतं. आवाज तर जन्मापासूनच चढलेला. आई म्हणायची, ही पोटात असताना माझ्याकडून मिरच्या जास्त खाल्ल्या गेल्या.

गाव ठाण्याचंच, कोलशेतच्या बाजूला, खाडीला लागून. नाव सांगत नाही, कारण तिथल्या माणसांना मला अजून तोंड दाखवायचं असतं. आता चारी बाजूंनी टॉवर उभे राहिलेत. त्यातल्या बाल्कन्यांमधून खाली बघणाऱ्यांना आमचं गाव म्हणजे मधेच राहून गेलेली वस्ती वाटते. त्यांना कल्पना नसते की या वस्तीत त्यांच्या सोसायटीपेक्षा जुनी आणि कडक कमिटी आहे. तिला आम्ही गावकी म्हणतो. गावातल्या सगळ्या घरांची मिळून ती गावकी, आणि तिचे पाच पंच. देवळाचा उत्सव, होळीची जागा, लग्नाला लागणारे मोठाले टोप आणि पातेली, खाडीत कुणी कुठे जाळं लावायचं, कुणाच्या नवऱ्याने बायकोला मारलं, सगळं पंचांपुढे जातं. पाचामुखी परमेश्वर, असं आमच्याकडे नुसतं बोलत नाहीत, मानतात.

त्या पाचांत माझे बाबा होते. गावकीचा एक नियम फार जुना: सभेत पंच आपापसात काय वाट्टेल ते भांडोत, बाहेर येताना पाचांचा एकच शब्द बाहेर येतो. कोण काय बोललं ते बायकोलाही सांगायचं नाही. बाबांनी तो नियम इतका पाळला की आई वैतागून म्हणायची, ह्या माणसाच्या पोटात गोष्टी जातात त्या काय मुरंबा व्हायला जातात का.

बाबांचा जिवाभावाचा मित्र आमच्या शेजारीच राहायचा. आमची आणि त्यांची मधली भिंत एकच. मी त्यांना काका म्हणते. दोघे एकाच केमिकल कंपनीत लागले, एकाच सायकलवरून कामाला गेले, सुटीच्या दिवशी खाडीच्या चिखलात उतरून निवट्या पकडल्या आणि निवृत्तही पाठोपाठच झाले. निवटी हा बोटाएवढा चिखलातला मासा, पकडायला हात भलता चपळ लागतो. बाबांचा नव्हता. काका पकडायचे आणि बाबा टोपली धरायचे, आणि घरी येऊन दोघेही सांगायचे की आम्ही पकडल्या.

भांडण सुरू झालं ते या दोघांमुळे नाहीच. गावातला एक तरुण मुलगा टेम्पो चालवायचा. एका दुपारी त्याने रस्त्याकडेला भाजीची हातगाडी लावणाऱ्या म्हाताऱ्याला उडवलं. म्हाताऱ्याचा पाय मोडला. पंच इस्पितळात गेले, म्हाताऱ्याच्या घरच्यांशी बोलले, मुलाच्या बापाने उपचाराचं सगळं अंगावर घेतलं, आणि म्हाताऱ्याला बसून धंदा करता येईल अशी जागा गावच्या बाजारात दिली. म्हातारा खूश होता. मी वकील आहे, माझा अशा तडजोडींवर चटकन विश्वास बसत नाही, म्हणून मी स्वतः जाऊन त्याला विचारलेलं. तो म्हणाला, माझ्या सख्ख्या मुलाने एवढं केलं नसतं.

पण पोलीस केस झालेली होती आणि अशी केस दोन घरांनी हात मिळवले म्हणून मिटत नाही. ठाण्याच्या कोर्टात ती उभी राहिली. गावकीने ठरवलं, कुणी काही पाहिलं नाही. साक्षीदार एकामागून एक आले आणि कुणाची पाठ होती, कुणाचं लक्ष नव्हतं, कुणाच्या डोळ्यात ऊन जात होतं. मग काकांना बोलावलं. टेम्पोतून त्या मुलाला ओढून बाहेर काढणारे काकाच होते. विचारलं, चालक दारू प्यायलेला होता का? काका म्हणाले, होय.

नंतर मी त्यांना विचारलं, का बोललात? ते म्हणाले की घरून निघताना आठवत नाही असंच सांगायचं ठरवलेलं. पण तिथे उभं करून शपथ दिली आणि मग तोंडातून खोटं निघेचना. ते असं सांगत होते जसं काही ती त्यांची एखादी व्याधी आहे.

मुलाला शिक्षा झाली. पालिकेच्या बसवर ड्रायव्हर म्हणून लागायची त्याची वेळ जवळ आलेली, ते गेलं. बायको अंगावर पिणारं पोर घेऊन माहेरी गेली. आता यात न्याय कुठला आणि अन्याय कुठला, हे मला आजही कुणी एका वाक्यात विचारू नये. कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे सगळं बरोबर झालं. पण ज्याचा पाय मोडला तोच म्हातारा त्या मुलाच्या बायकोसाठी रडला, हेही मी पाहिलंय.

गाव मात्र कुणासाठी रडत बसलं नाही. सभा भरली आणि पाचांचा शब्द बाहेर आला. काकांचं घर वाळीत.

तुम्ही म्हणाल, आजच्या काळात वाळीत टाकणं म्हणजे काय? शेजारी मॉल आहे, वाणसामान घरपोच येतं, पाण्याला मीटर लागलेत. अहो, तेच तर. उपाशी कुणी मरत नाही. आधी काकांना गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं. मग गणपतीत आरती त्यांचं घर ओलांडून पुढे गेली. काकी ओट्यावर बसली की समोरच्या ओट्यावरच्या बायका उठून आत जायच्या. कुणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही. माणूस दिसतच नाही असं वागायचं, बस. आणि ते रोज वागायचं.

बाबाही बोलायचे बंद झाले. पंचच तो, त्याने कसं बोलायचं? पण आमच्याकडे पाणी पहाटे येतं आणि थोडाच वेळ येतं. आई सांगायची की पाणी आलं की बाबा रोज रिकामी बादली मधल्या भिंतीवर दाणकन आपटायचे, आणि मग पलीकडे काकींच्या नळाचा आवाज यायचा. मला हे ऐकून राग आला. एवढी बादली आपटतोस तर तोंड उघड ना बाबा, असं मी म्हटलं. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मी लग्नानंतर डोंबिवलीला, मानपाडा रोडवर राहते आणि कल्याणच्या कोर्टात काम करते. एका दुपारी कोर्टातून बाहेर आले तर बाकावर काका बसलेले. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी. मला बघून उभे राहिले. मी त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेली मुलगी, आणि ते माझ्यासाठी उभे राहिले, मला कसंतरीच झालं. त्यांना कँटीनमध्ये घेऊन गेले. चहा आला तो त्यांनी तसाच ठेवला. सांगितलं की मुलीचं लग्न ठरलंय. पनवेलकडचं घर, मुलगा चांगला आहे, त्यांना वाळीतबिळीत ठाऊक आहे आणि त्यांचं म्हणणं, आम्हाला काही फरक पडत नाही.

"मना फरक पडतंय," काका म्हणाले. "एकच पोर हाय. तिचे हलदीला गाव जेवाला आला पायजेल. मांडव मोकला ऱ्हायला तर ती जलमभर इसरनार नाय."

त्यांना बाकी काही नको होतं. माफी नको, शिक्षा तर नकोच नको. गावाने एक संध्याकाळ येऊन जेवावं, एवढंच.

मी लगेच सरसावले. आपल्या राज्यात माणसाला वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, असा कायदाच आहे, पंचांना आत टाकता येतं, हे मी इतक्या जोरात सांगितलं की शेजारच्या टेबलावरचे वकील वळून बघायला लागले. काका म्हणाले, गाव करी ते राव न करी. मी म्हटलं, काका, रावाचं सोडा, हा कायदा आहे. त्यांनी बराच वेळ कपाच्या कानाशी चाळा केला आणि मग हो म्हणाले. पण एका अटीवर. तक्रारीत माझ्या बाबांचं नाव घालायचं नाही.

ते म्हणाले की तुझा बापूस सभेत माझ्या बाजूने बोलला असणार, मला खात्री आहे. मी विचारलं, ते तुम्हाला बोलले का? नाही. मग मला कसं कळणार? बोलले असतील तर पोलिसांसमोर तसं सांगतील. पाच पंचांचा ठराव आणि तक्रारीत चारच नावं, पाचवा नेमका तक्रार लिहिणाऱ्या वकिलीणबाईंचा बाप! समोरच्या वकिलाने हसून हसून केस उडवली असती. आणि खरं सांगायचं तर नुसता तो हिशेब नव्हता. दुसऱ्यांच्या बापांना एक न्याय आणि माझ्या बापाला दुसरा, हे माझ्या मनाला पटेना. मी पाचही नावं लिहिली. त्या संध्याकाळी घरी जाताना मला स्वतःचा फार अभिमान वाटला. बापालाही सोडलं नाही, असं मीच मला सांगत होते.

रविवारी गावी जाऊन बाबांच्या कानावर घातलं. चोरून करायचं नव्हतं. ते ओट्यावर बसून जाळ्याचा एक फाटका भाग विणत होते, खाडीत आता मासे उरलेत कुठे, पण हाताला सवय. मी सांगत होते आणि ते विणत होते. मला वाटलं चिडतील, भांडतील, निदान घालवून तरी देतील. भांडायची माझी तयारी होती. ते एवढंच म्हणाले, "खरा हाय तर लिव." आणि खाडीकडे निघून गेले. आई मला म्हणाली, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आणि तू तर बापालाच उचलून त्या पायरीवर ठेवलंस. मी आईलाही दोन गोष्टी ऐकवल्या.

पोलीस ठाण्यात पाचही जण पांढरे शर्ट घालून आले. देवळात जाताना घालतात तसले. बाबा सगळ्यांत शेवटच्या खुर्चीवर बसले आणि पूर्ण वेळ खिडकीकडे बघत राहिले. मी वाट बघत होते. आता बोलतील, मी विरोध केलेला म्हणून सांगतील. नाही बोलले. पाचांत वयाने सगळ्यांत मोठे, त्या मोठ्या पंचांनीच सगळं तोंड चालवलं. काय ती मधाची वाणी! साहेब, वाळीत टाकायला आपण कुठल्या काळात राहतो? हा तर आमचा भाऊ. साहेबांनी चहा मागवला. पाचांनी लिहून दिलं की या घरावर कसलाही बहिष्कार नाही आणि पुढेही असणार नाही. बाबांनी पाचवी सही केली. साहेब मला म्हणाले, झालं ना मॅडम, मिटलं, परत काही घडलं तर आम्ही गुन्हा दाखल करायला बसलोयच. मी म्हटलं, मिटलं कसं, आत्ताच दाखल करा. तेवढ्यात काकांनी मागून माझ्या कोटाची बाही ओढली. त्यांचा चेहरा किती दिवसांनी उजळलेला. बास बाय, म्हणाले, आता येतील सगळे.

म्हणजे आम्ही जिंकलो होतो.

आमच्याकडे हळद लग्नापेक्षा मोठी. लग्नाला एक वेळ कुणी नाही आलं तरी चालतं, हळदीला यायचंच. आणि घरातली एकुलती एक मुलगी असली की गावाला चूलबंद आवतण देतात. त्याचा अर्थ, त्या संध्याकाळी घरातल्या एकानेही घरी जेवायचं नाही, म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांनी मांडवात यायचं, तुमच्या घरची चूल पेटता कामा नये. काका आणि काकी अक्षता घेऊन घरोघर फिरले. एकाही घराने दार लावून घेतलं नाही. प्रत्येकाने अक्षता घेतल्या, काकींना कुंकू लावलं आणि म्हटलं, येतो की. काकी मला फोनवर सांगताना रडली. मोठ्या पंचांच्या बायकोने तर नवरीला काय नेसवणार तेही विचारलं म्हणे.

हळदीच्या दिवशी मी दुपारीच गेले. पिवळी साडी नेसलेली. मांडव सुरेख घातलेला, चुन्याचे आणि तांदळाच्या पिठाचे चौक काढलेले. आमच्याकडे लग्नाची गाणी म्हणणारी बाई असते, धवलारीण म्हणतात तिला. गावातल्या धवलारणीचा घसा नेमका त्या दिवशी बसला, म्हणून दुसऱ्या गावाहून आणलेली. गावकीचे टोप नेमके कल्हईला दिलेले होते, म्हणून टोपही भाड्याने आणलेले. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात तो कागद होता, पाच सह्यांचा. कायद्याने लिहून घेतलंय, आता कोण मोडतोय, बघतेच.

संध्याकाळ झाली. काकींच्या माहेरची माणसं आली, ती एका ओळीत बसली. नवरीला पाटावर बसवलं. दिवे लागले. बँजोवाल्यांनी दोन गाणी वाजवली आणि कुणी नाचायला नाही म्हणून थांबले. काका मांडवाच्या तोंडाशी हात जोडून उभे होते, पाहुणे यायच्या आधीच हात जोडलेले.

आणि मग एका घरातून कुकरची शिट्टी आली. थोड्या वेळाने दुसऱ्या घरातून. मग समोरून, मागून, देवळाच्या बाजूने. आमची घरं एकमेकांना चिकटलेली, कुणाच्या घरात काय शिजतंय ते सगळ्यांना कळतं. पाटावर बसलेल्या मुलीने मान वर केली आणि परत खाली घातली. मी मात्र मनातल्या मनात कलमं चाळत होते, आणि मला कळत होतं की असं कलम नाही. आपल्या घरात आपला भात लावणं हा कुठल्याही देशात गुन्हा नाही. उद्या विचारलं तर प्रत्येकाकडे कारण होतं. कुणाला ताप, कुणाची रात्रपाळी, कुणाकडे अचानक पाहुणे.

पण आमच्या घरातून शिट्टी आली नव्हती. मी मुद्दाम मघाशी डोकावून आलेले. आई नवं लुगडं नेसून बसलेली, ओटा पुसून कोरडा, गॅस बंद. बाबांनी दाढी केलेली, पांढरा शर्ट घातलेला, आणि पडवीत बसून चपलांचा पट्टा लावत होते. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. पंचांपैकी एक जरी मांडवात शिरला असता तर मागून दहा घरं आली असती, हे गावात लहान पोरालाही ठाऊक. काकाही सारखे आमच्याच दाराकडे बघत होते.

तेवढ्यात रस्त्याने मोठे पंच आले. आमच्या पडवीपाशी थांबले, बाबांना काहीतरी बोलले, हसले आणि पुढे गेले. बाबा तसेच बसून राहिले. मग उठून आत गेले. मला वाटलं, आईला घेऊन येतात.

आमच्या घरातून कुकरची शिट्टी आली तेव्हा काकांनी जोडलेले हात सोडले. आत वळून त्यांनी आचाऱ्याला सांगितलं, पानं मांडा.

मी पिवळ्या साडीत तशीच आमच्या घरात घुसले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. भित्रा म्हटलं. बापाला कुणी भित्रा म्हणतं का? मी म्हटलं. आई मला आवरत होती. तिनेच सांगितलं की मोठे पंच काय बोलले. ते म्हणाले होते, जा बाबा, लवकर जा, पोरीने पोलीस लावलेत तुझ्यामागे, न जाऊन सांगतोस कुणाला. त्यावर बाबा आत आले, शर्ट काढून खुंटीला लावला आणि म्हणाले, कुकर लाव.

बाबा बनियनवर, भिंतीला टेकून बसलेले. ती मधलीच भिंत. ते बोलले तेव्हा आवाज चढला नव्हता.

"मी सभेन एकटा त्याचे बाजूचा व्हतो. आज जानार व्हतो, पंचकी गेली तरी. पन आता गेलो तं गाव म्हनल पोलिसाला भिऊन गेला." मग म्हणाले, "त्यालापन तसाच वाटंल. सही केली म्हनून आला, असा."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सभेतली गोष्ट बाहेर सांगितली, आणि ती ऐकायला मी फार उशिरा पोचलेले.

तक्रार केली ही माझी चूक होती, असं मी म्हणणार नाही. आजही कुणी तसा माणूस बाकावर येऊन बसला तर मी लिहीन, आणि नावं सगळी लिहीन. त्या कागदामुळेच पुढे आमच्या गावात कुणाला उघडपणे वाळीत टाकायची हिंमत झाली नाही, हे खरं आहे. पण माझा बाप स्वतःच्या पायाने जाणार होता, आणि मी त्याला कायद्याने जायला लावलं. दिसायला दोन्ही एकच, तोच उंबरा, तेवढीच पावलं. तरी त्याला ते जमलं नाही आणि मी त्याला दोष देऊ शकत नाही. याचं वाईट वाटणं माझं अजून संपलेलं नाही, आणि ते कुठल्या कोर्टात मांडायचं तेही मला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी वरात गेल्यावर मी काकांना म्हटलं, हा लिहून दिलेल्याचा भंग आहे, आता गुन्हाच दाखल करते. काका खुर्च्या एकावर एक रचत होते. त्यांनी विचारलं, "कुनावर टाकशील? कुकरवर?" आणि पुढची खुर्ची उचलली.

वर्षं गेली. वाळीत प्रकरण कुणी उठवलं नाही, ते आपोआप विरलं. नव्या पोरांनी काकांना परत ग्रुपमध्ये घेतलं, आरती त्यांच्या दारात थांबू लागली. तो टेम्पोवाला मुलगा सुटून आला, बायको परत आली, आता त्याचं भाजीचंच दुकान आहे आणि काकी तिथूनच भाजी घेते. सगळे सगळ्यांशी बोलायला लागले. फक्त हे दोघे बोलले नाहीत. भांडण नव्हतं. काकांना वाटायचं, त्याला माझ्यामुळे पोलिसात बसावं लागलं. बाबांना वाटायचं, आता कुठल्या तोंडाने. बाबांनी पंचकी सोडली, कारण विचारलं तर गुडघे दुखतात म्हणाले. मी दोघांच्या मधे पडायला बघितलं तेव्हा दोघांनीही मला तेच सांगितलं, तू यात पडू नकोस. या बाबतीत मात्र त्यांचं एकमत होतं.

बाबांची फुप्फुसं गेली. इतकी वर्षं केमिकलच्या वासात काढलेली. ठाण्याच्या एका इस्पितळात त्यांना ठेवलेलं, बोलताना धाप लागायची. एका दुपारी भेटायच्या वेळेत काका दारात उभे. पिशवी नाही, शहाळं नाही, रिकाम्या हाताने आलेले. मी स्टूल पुढे केलं. ते बसले. दोघे बराच वेळ पंख्याकडे बघत होते. मी औषधं नीट लावून ठेवायचं सोंग करत उभी राहिले.

मग बाबांनी विचारलं, अडखळत, "पोरीचे हलदीला... जेवन कसा झाला व्हता?"

काकांनी चादरीची एक सुरकुती हाताने सरळ केली.

"कसला जेवन," ते म्हणाले. "आचारी नवखा गावला. मटन चामट ऱ्हायला, आनि मीठ तं इतका, का तोंडान धरवत नव्हता. आला नायस तेच बरा झाला."

बाबांनी डोळे मिटले. ओठ थोडे हलले, हसल्यासारखे. "बरा झाला," म्हणाले, आणि हात काकांच्या गुडघ्यावर ठेवला.

त्या संध्याकाळी मी आमच्या घरातून परत मांडवात गेलेले आणि रडू आवरायला रिकाम्या पंगतीत एकटी जेवायला बसलेले. पोट भरलं तरी उठवेना म्हणून मी दोनदा मटण मागून घेतलं. तसं मऊ, मिठाला नेमकं मटण मी पुन्हा कुठल्याही हळदीला खाल्लेलं नाही. मी काकांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. सलाइनची बाटली संपत आलेली, म्हणून मी सिस्टरला बोलवायला बाहेर गेले.